साउंडबार घेताय? वॅट नंतर बघा, आधी टीव्हीच्या मागे बघा

टीव्ही पातळ झाले, तसे त्यातले स्पीकरही लहान झाले. त्यांचं तोंड अनेकदा खाली किंवा मागे असतं. म्हणून पार्श्वसंगीत घुमतं, पण संवाद कळत नाहीत. साउंडबार हा त्यावर उपाय आहे. पण नेमका कोणता घ्यायचा?

२.१, ३.१, ५.१ म्हणजे काय?
पहिला आकडा चॅनेलचा, दुसरा सबवूफरचा. २.१ मध्ये डावा आणि उजवा चॅनेल असतो. ३.१ मध्ये मधला चॅनेल वाढतो आणि चित्रपटातले संवाद मुख्यतः तिथूनच येतात. घरात आजी-आजोबांना संवाद ऐकू येत नसतील, तर हाच फरक कामाचा. ५.१ घेताना मागचे दोन स्पीकर वेगळे मिळतात का, ते विचारा. ५.१.२ मधला तिसरा आकडा छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरचा. त्यासाठी छत सपाट हवं.

जोडणी कशी?
टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय का, ते तपासा. तसं असेल तर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी ॲटमॉस जात नाही. त्यामुळे टीव्हीला फक्त ऑप्टिकल पोर्ट असेल, तर ॲटमॉससाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

वॅटचं काय?
'पीएमपीओ'चा मोठा आकडा फसवा असतो. 'आरएमएस' किती, ते विचारा.

दुकानात जाताना पोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि तिथे गाणं नाही, बातम्या लावायला सांगा. शब्द स्पष्ट ऐकू आले, तरच पुढचं बोलणं.