काळ्या दगडाहून जुनं कूळ

पेण-रोह्याकडे ओटीच्या पायरीशी कुंडीत ठेवलेला सायकस माडा-पोफळीचा भाऊबंद वाटतो, पण तो ताडकुळातला नाही. त्याला फूल येतच नाही. नराला शंकू येतो, तर मादीच्या शेंड्यात लवदार, पिवळट पानांच्या कडेला बिया धरतात. हे कूळ सुमारे २८ कोटी वर्षांचं आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यातला काळा दगड ज्या लाव्ह्यातून झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री नव्हता तेव्हाही सायकसचे पूर्वज होते.

कूळ जुनं असलं तरी आजच्या जाती तितक्या जुन्या नाहीत. बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतच वेगळ्या झाल्या, असं २०११ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं. आपल्या कुंडीतली जात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. थुनबर्ग या स्वीडिश वैद्याने १७८२ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. १८९६ साली जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ इकेनो यांना हिच्यातच पोहणारे शुक्राणू सापडले. बी धरणारं झाड, आणि त्याचे शुक्राणू शेवाळ-नेच्यांसारखे पोहतात! मला या झाडाची सगळ्यात मोठी नवलाई हीच वाटते. १८९६ सालीच चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, पण १९१७ साली केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांनीच मिळवलं. रोह्याने हेही अभिमानाने सांगावं.

आपल्याकडे सायकस मरतो तो पावसाने. मुळाशी पाणी साचलं की खोड आतून कुजतं. म्हणून कुंडीत वाळू आणि विटांचे तुकडे भरपूर घालावेत आणि आषाढ-श्रावणात ती पागोळ्यांखालून हलवावी. नवी पानं एकदम झुबक्याने फुटतात. ती कोवळी असताना कुंडी फिरवली, तर वाकडी होतात. कुंडी बदलताना पोवळ्यासारख्या गाठाळ मुळ्या दिसतील. त्या रोग समजून छाटू नयेत. त्यांत राहणारे सूक्ष्मजीव झाडाला हवेतला नत्र पुरवतात.

पानं आणि बिया विषारी असतात. ओकिनावात १९२०च्या दशकातल्या उपासमारीत लोकांनी याचंच पीठ खाल्लं. ते नीट धुऊन-आंबवून घेतलं नाही, तर जिवावर बेतायचं. कुत्र्या-वासरांपासून कुंडी दूरच ठेवावी.

खोडाच्या बुंध्याला आलेली पिल्लं काढून, जखम सुकू देऊन लावता येतात. नराचं पिल्लू नरच होतं, मादीचं मादीच. म्हणून बी हवं असेल, तर दोन वेगळ्या घरची पिल्लं आणावीत, एक नराचं आणि एक मादीचं.