बुलेट आणि घरची हत्यारपेटी

‘बुलेट’ या मोटारसायकलचे माहेर इंग्लंडमधील रेडिच. भारतात ती तयार करण्यासाठी 1955 साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी विलायतेहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे ते येथेच घडू लागले. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला. बुलेट मात्र या देशात टिकली. या दीर्घायुष्याचे श्रेय जेवढे कारखान्याला, तेवढेच घरोघरच्या हत्यारपेटीला द्यावयास हवे.

जुन्या बुलेटचे इंजिन एका सिलिंडरचे, आणि त्याची रचना मालकाच्या हाताला सहज लागेल अशी. इंजिन थंड असताना बाजूचे झाकण काढावयाचे, पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणावयाचा आणि टॅपेट लावावयाचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, परंतु वरखाली हलू नये, हीच कसोटी. पॉइंटमधील फट सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवणे, प्लग साफ करणे, साखळीचा ताण पाहणे, ऑइल बदलणे ही कामे दोन-चार पाने आणि रविवारची सकाळ एवढ्यावर उरकत.

यातून केवळ पैसा वाचला नाही. ज्याने यंत्र स्वतः उघडले, त्याला त्याचा बदललेला आवाज दुरून ओळखू येई.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे भारत स्टेज 6 नियम लागू झाले आणि बुलेटवरील कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु दोषाचे निदान कानाकडून उपकरणाकडे गेले. साखळी आणि ऑइल मात्र आजही मालकाच्या हाती आहेत. तेवढा परिचय राखला, तरी यंत्र परके होत नाही.