शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते

वैद्यकीय विद्यापीठांमधील आंतरराष्ट्रीय देवघेव म्हटली की करारावर सह्या करणारे कुलगुरू आणि विमानतळावर निरोप घेणारे विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढे येतात. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावच्या शाळेत हा विषय काढला, तर मुलांना तो फार दूरचा वाटेल. पण या देवघेवीच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रकरणात दोन मराठी डॉक्टर होते. एक सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि दुसरे आपल्या विदर्भातील, नागपूरचे डॉ. चोळकर. ही हकीकत आपण शिक्षकांनी नीट समजून घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण तिच्या मध्यभागी एक वर्ग आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. या महाविद्यालयाचा जन्मच अध्यापकांच्या प्रश्नातून झाला होता. त्या काळी मुंबईतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वरच्या जागा बहुधा इंग्रज डॉक्टरांकडे असत. परदेशी उच्च पदव्या मिळवून आलेल्या भारतीयांनाही तेथे सहसा वाव मिळत नसे. म्हणून १९२६ मध्ये परळला केवळ भारतीय अध्यापक असलेली ही संस्था उभी राहिली. लंडनला शिकलेले डॉ. जीवराज मेहता तिचे पहिले अधिष्ठाता होते. म्हणजे परदेशात मिळवलेली विद्या येथे भारतीय शिक्षकांच्या तोंडून भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोचत होती. या साखळीची पुढची कडी कोटणीसांनी जोडली.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू-ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. डॉ. अटल हे प्रमुख. बरोबर चोळकर, कोटणीस, बासू आणि मुखर्जी. कँटन, चुंगकिंग असा प्रवास करीत १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. पुढे एकेक जण परतला. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धक्षेत्रात राहिले.

याच भागात त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली लहानशी जखम चिघळली, जंतू रक्तात पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. पेनिसिलिन रुग्णांना देण्यास सुरुवात झाली ती १९४१ मध्ये, तीही इंग्लंडमध्ये आणि अगदी थोड्या जणांना. तेव्हा जखम वेळेवर धुणे, मेलेले मांस काढून टाकणे आणि हत्यारे उकळून घेणे हेच जंतूंविरुद्धचे मुख्य उपाय होते. ते एकट्या तज्ज्ञाला माहीत असून भागत नाही. ते प्रत्येक सहायकाच्या हातात उतरावे लागतात. म्हणूनच तेथील सैनिकी वैद्यकीय शाळेला महत्त्व होते. बेथून यांच्या मृत्यूनंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले.

कोटणीस या शाळेत शल्यचिकित्सा शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकही झाले. आता अडचण भाषेची होती. त्यांचे स्वतःचे वैद्यक इंग्रजीतून झालेले, घरची भाषा मराठी आणि समोरच्या मुलांना यांपैकी एकही येत नव्हती. दुभाष्या घेऊन व्याख्यान देता येते. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी दर वाक्याला थांबता येत नाही, आणि विद्यार्थ्याला शंका विचारायची असेल तर ती तिसऱ्याच्या तोंडून येते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली. ते चिनी बोलू, वाचू आणि लिहू लागले आणि वर्गही चिनीतून घेऊ लागले. शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पुस्तक तयार केले. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

१९४१ मध्ये त्यांनी त्याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंग्लान यांच्याशी विवाह केला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा झाला. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. त्यातच ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. शिच्याच्वांग शहरात बेथून यांच्याजवळच त्यांची समाधी आहे. त्यांचा मुलगाही वैद्यक शिकत असताना १९६७ मध्ये वारला.

आता परतीचा प्रवास पाहा. पथकातील डॉ. बासू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचून करावयाचे उपचार शिकले आणि ते त्यांनी कलकत्त्यात सुरू केले. या उपचारांचा गुण कोणत्या आजारात किती येतो याविषयी वैज्ञानिकांत आजही वाद आहे. पण जो शिकवायला गेला तोच पुढे शिकायला गेला, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. माल एकाच बाजूने वाहत असेल तर त्याला देवघेव कसे म्हणायचे?

२०१० च्या दशकात हजारो भारतीय विद्यार्थी वैद्यक शिकण्यासाठी चीनला गेले. त्यांचे बरेचसे वर्ग इंग्रजीतून होत. वॉर्डातला रुग्ण मात्र चिनी बोलतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते हे विचारायला त्यांनाही कोटणीसांचीच वाट धरावी लागते.

मेडशीच्या वर्गात हा धडा करून पाहता येईल. मुलांना नकाशावर सोलापूर, परळ, कँटन आणि येनान जोडायला सांगावे. मग जखम का चिघळते ते त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत लिहावे, आणि तेच घरी आजीला वऱ्हाडीत समजावून यावे. दुसऱ्या दिवशी आजीने काय विचारले ते वर्गात सांगावे. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुलांचा तो विषय खऱ्या अर्थाने शिकून होईल.