राणीची ५३ मिनिटे

व्हिक्टोरिया राणी म्हटली की १८५८ चा जाहीरनामा आठवतो. वर्गात तो इतक्यांदा शिकवला की आजही झोपेत सांगेन. पण त्याआधी पाच वर्षे याच राणीने एक गोष्ट केली, ती आमच्या क्रमिक पुस्तकात कधीच आली नाही.

७ एप्रिल १८५३. राणीचे आठवे बाळंतपण. डॉ. जॉन स्नो रुमालावर थोडाथोडा क्लोरोफॉर्म टाकून तिला हुंगवत होते. ५३ मिनिटे हे चालले. राणी शुद्धीवर होती, कळा मात्र बोथट झाल्या. राजपुत्र लिओपोल्ड जन्मला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला ही बातमी खरीच वाटेना!

यात एवढे काय, असे वाटेल. पण १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीला आधी ईथर व मग क्लोरोफॉर्म दिला, तेव्हापासून वाद चालू होता. स्त्रीने वेदनेतच प्रसवावे असे बायबलात आहे, मग माणसाने मध्ये का पडावे? सिम्प्सन यांनी बायबलातूनच उत्तर दिले: आदमची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोपवले होतेच की! फिलाडेल्फियाचे डॉ. मेग्ज यांच्या मते तर कळा ही निसर्गाची हितकारक शक्ती होती. गंमत म्हणजे या वादात बोलणारे बहुतेक पुरुषच. राणीने वाद घातला नाही, औषध घेतले. १८५७ साली पुन्हा घेतले.

पुढचा टप्पा मला अस्वस्थ करतो. १९०६ च्या सुमारास जर्मनीत फ्रायबुर्गला मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र देऊ लागले. बाई ओरडे, तडफडे, कधी तिला बांधून ठेवावे लागे. पण शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवत नसे. वेदना गेली नव्हती, आठवण गेली होती. तरी १९१४ साली अमेरिकेतल्या बायकांनीच या औषधासाठी चळवळ केली. दुसरे होते काय त्यांच्यापुढे?

एपिड्युरलची वाट वेगळी. स्पेनच्या फिदेल पाजेस या लष्करी शल्यविशारदाने १९२१ साली पाठीच्या कण्यातून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध देऊन शस्त्रक्रिया केल्या. पुढे तिथे बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवता येऊ लागले. कळांची जाणीव नेणाऱ्या नसा तेवढ्या बधिर होतात, आई जागी राहते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. दोषही आहेत: रक्तदाब उतरतो, क्वचित नंतर डोके दुखते, जोर करण्याचा टप्पा लांबू शकतो. शिवाय भूलतज्ज्ञ हाताशी हवा, आणि आपल्याकडे लहान गावांत तोच मिळत नाही.

आमच्या वेळी असे काही असते हेच ठाऊक नव्हते. ‘सोस गं, सगळ्याच सोसतात,’ एवढाच मंत्र. तो म्हणणाऱ्या बायका मायाळूच होत्या. त्यांच्याजवळ द्यायला दुसरे काही नव्हते. आज आहे. मग ‘आम्ही सोसले, तुम्हाला काय झाले?’ असे सुनेला, नातीला का ऐकवायचे? कुणाला एपिड्युरल नको असेल, तेही ठीकच. राणीला कुणाची परवानगी लागली नाही. घरच्या लेकीसुनेलाही निदान आधी नीट माहिती मिळावी आणि मग तिचाच शब्द शेवटचा असावा, इतके आपल्या हातात नक्की आहे.