फार्टलेक: वेगातला खेळ कुठे गेला?

आजचा एपिसोड पळण्याबद्दल आहे, पण शूज किंवा डाएटबद्दल नाही. आज इतिहास. प्रश्न साधाच आहे. टेकडीवर पळायला मजा येते म्हणून आपण सुरुवात करतो. मग एखाद्या रेसला नाव नोंदवतो, ट्रेनिंग प्लॅन डाउनलोड करतो आणि दोन महिन्यांत तेच पळणं ऑफिसच्या डेडलाइनसारखं वाटायला लागतं. असं व्हायलाच हवं का?

चला, १९३० च्या दशकातल्या स्वीडनमध्ये जाऊ. शेजारच्या फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच घेऊन पळायचा. ऑलिंपिकची ९ सुवर्णपदकं त्याच्या नावावर. फिनिश धावपटूंपुढे स्वीडनचे गडी मागे पडत होते. तेव्हा योस्टा होल्मेर या स्वीडिश कोचने एक पद्धत आणली: फार्टलेक. 'फार्ट' म्हणजे वेग, 'लेक' म्हणजे खेळ. ट्रॅक सोडायचा आणि जंगलातल्या पायवाटेवर जायचं. चढ आला की जोर लावायचा, मग दम खात निवांत पळायचं, समोर एखादं झाड दिसलं की तिथपर्यंत सुसाट. वेग कधी वाढवायचा ते पळणाऱ्याने ठरवायचं, घड्याळाने नाही.

ऐकायला पिकनिक वाटते ना? पण होल्मेरना रेसच जिंकायच्या होत्या. आणि निकाल बघा. गुंडर हेग हा लाकूडतोड्याचा मुलगा जंगलात, बर्फात पळून तयार झाला. १९४२ मध्ये त्याने ८२ दिवसांत १० विश्वविक्रम केले. ५,००० मीटर १४ मिनिटांच्या आत पळणारा तो पहिला माणूस. त्याने आणि त्याचाच देशबंधू आर्ने अँडरसनने मिळून एका मैलाचा विक्रम ३ वर्षांत ४ मिनिटं ६.२ सेकंदांवरून ४ मिनिटं १.४ सेकंदांवर आणला.

आता दुसरी बाजू. त्याच काळात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचा कोच एका डॉक्टरांच्या मदतीने हृदयाचे ठोके मोजून इंटरव्हल ट्रेनिंग देत होता. सगळं काटेकोर. त्याचा धावपटू रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला. तो विक्रम १६ वर्षं टिकला. म्हणजे घड्याळाला व्हिलन ठरवता येत नाही. दोन्ही रस्ते चालतात.

गंमत पुढे आहे. आज स्मार्टवॉचमध्ये 'फार्टलेक' नावाचं वर्कआउट मिळतं. बीप वाजला की एक मिनिट जोरात, पुन्हा बीप, एक मिनिट हळू. नाव होल्मेरचं, पद्धत गेर्शलरची! शब्द राहिला, त्यातला खेळ गळून गेला.

आणि हेगचं पुढे काय झालं? तेव्हा हौशी खेळाडूंनी पैसे घ्यायचे नाहीत असा नियम होता. पैसे घेतले म्हणून १९४६ मध्ये हेग आणि अँडरसन दोघांवरही आजन्म बंदी आली. विक्रम, गर्दी, पैसा हे सगळं त्यांच्या पळण्याला चिकटलं होतं. आपल्याला तर कोणी छदामही देत नाही, उलट आपणच एंट्री फी भरतो. तरी ॲपवर पेस कमी दिसला की रविवारचा मूड जातो. आपण कसले हौशी?

मला वाटतं, मजा आणि ट्रेनिंग यांतलं एक निवडायचं असतं, हा समजच चुकीचा आहे. होल्मेरसाठी खेळ हेच ट्रेनिंग होतं. त्यामुळे प्लॅन फेकून देऊ नका. फक्त आठवड्यातला एक रन घड्याळ घरी ठेवून करा. सिंहगडाच्या चढावर पुढचं वळण तुम्हीच निवडा, तिथपर्यंत जीव तोडून पळा, मग वारा खात चाला. त्याला 'आरामाचा दिवस' म्हणू नका. असंच पळून लोकांनी विश्वविक्रम केलेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पळत राहा, खेळत राहा!