वार, पंगत आणि मूठभर ज्वारी

आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांची एक वही आहे. शाईचा रंग उडून तपकिरी झालेल्या तिच्या पहिल्याच पानावर आठवड्याचे सात वार एकाखाली एक लिहिलेले आहेत आणि प्रत्येक वारापुढे एकेक आडनाव आहे. गुरुवारपुढची जागा मात्र कोरी आहे. १९२०च्या सुमारास आजोबा राजापूरकडच्या एका खेड्यातून पुण्यात शिकायला आले आणि वार लावून जेवले. कोणत्या घरी पानावर तूप पडे, कोणत्या घरी रात्रीची उरलेली आमटी सकाळी मिळे, हे सारे ते आम्हांला रंगवून सांगत. गुरुवारी ते जन्मभर उपवास करीत. तो दत्ताचा उपवास, असे आम्ही समजत होतो. वही हाती आल्यावर उलगडा झाला, की गुरुवारला घर मिळाले नव्हते म्हणून तो उपवास सुरू झाला होता.

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी तीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी ही गोष्ट मी वर्गात सांगत असे. परिस्थितीवर मात करता येते, हे मुलांच्या मनावर बिंबावे हा हेतू. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या आजोबांना सहा घरं मिळाली. माझ्या पणजोबांना कुणी एक तरी वार दिला असता का?"

नसता दिला. दुसरे उत्तर नव्हते आणि तेवढे त्या दिवशी मी दिले. पण प्रश्न सुटला नाही. निवृत्तीनंतर जे वाचन केले, ते बरेचसे त्या मुलाला पूर्ण उत्तर देण्यासाठी केले. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा मसुदा आहे.

●

वार लावणे आणि माधुकरी या दोन रीती आता शब्दकोशातच उरल्या आहेत, म्हणून त्यांची घडण थोडी सांगायला हवी. माधुकरी मागणारा विद्यार्थी दुपारी झोळी घेऊन पाच-सात घरी जाई आणि मिळालेले शिजलेले अन्न आणून जेवी. वारात मात्र घर ठरलेले असे. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, अशी सात घरे मिळाली की पोटाची सोय झाली. यात पैशाचा व्यवहार नव्हता. एका घरावर आठवड्यातून एका पानाचाच भार पडे, त्यामुळे बेताच्या परिस्थितीतले कुटुंबही तो उचलू शकत असे.

या रीतीचा दुसरा फायदा मला आजोबांच्या बोलण्यातून कळला. ठरलेल्या वारी मुलगा आला नाही, तर त्या घरी चौकशी होई. आजारी आहे का, गावी गेला का, की शाळाच सोडली? परीक्षेचा निकाल लागला की सहाही घरी जाऊन सांगावा लागे आणि नापास झालेल्याला सहा घरची बोलणी खावी लागत. घरापासून शंभर कोसांवर राहणाऱ्या पोरावर लक्ष ठेवणारी सहा घरे होती. आज शाळेतून गळणाऱ्या मुलांविषयी आपण इतके बोलतो. तेव्हा या दोन गोष्टी एकत्र होत्या, जेवण आणि विचारपूस. पुण्यात १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह हे याच सामाजिक आधाराचे संस्थारूप म्हणता येईल.

पण वाराला एक कुंपण होते. विद्यार्थी घरात येऊन पंगतीला बसत असे, म्हणून तो पंगतीला चालणाराच असावा लागे. जिथे पंगत संपे तिथे मदतही संपे. आजोबांची गरिबी खरी होती. गुरुवारची कोरी जागा त्याला साक्ष आहे. परंतु त्या गरिबीला ठोठावण्यासाठी दारे होती. त्याच काळात बहुजन समाजातल्या मुलाला शहरात शाळेची फी एक वेळ माफ झाली असती, पण रात्री पाठ टेकायला आणि दोन वेळा जेवायला जागा नव्हती. अस्पृश्य गणलेल्या मुलाला तर कित्येकदा वर्गाबाहेर बसून शिकावे लागे. परीक्षेत जो फरक दिसे तो बुद्धीचा म्हणून खपवला जाई. त्याची सुरुवात पानापासून झालेली होती.

हा फरक जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखला होता. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येणार कसा? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी त्याच निवेदनातली.

●

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. इतर जातींत शिकलेली माणसेच नाहीत, असे याचे कारण दिले जाई. मग शिकलेली माणसे का नाहीत, हा महाराजांचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना राहण्या-जेवण्याच्या अडचणीत सापडले. सर्वांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयोग आधी झाला होता; पण त्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची माता म्हणू लागले ते यामुळे.

या वसतिगृहांची रचना बघण्यासारखी आहे. दरबाराने जागा, इमारत, वार्षिक अनुदान द्यावे. त्या त्या समाजाने वर्गणी गोळा करावी, समिती नेमावी, मुले आणावीत आणि कारभार पाहावा, अशी ती भागी होती. नुसत्या सरकारी पैशाने वसतिगृह भरत नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याने मुलाला परक्या गावी पाठवावे, असा विश्वास आपल्या माणसाच्या शब्दावरच बसतो. हा विश्वास समाजाच्या पुढाऱ्यांनी मिळवला आणि खर्चाचा मोठा भार राज्याने उचलला. नाशिक, पुणे, नागपूर येथल्या वसतिगृहांनाही महाराजांचा हात लागला.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. माझ्या मते मात्र महाराजांनी आधी हाताशी असलेली पंगत वापरली. जी भिंत एका दिवसात पाडता येत नव्हती, तिच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे चूल पेटवली. १९०२ साली राखीव जागांचा आदेश निघाला, १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. त्या निर्णयांना अर्थ आला, कारण त्यांचा लाभ घेणारी मुले वसतिगृहांतून तयार होत होती.

भिंत मात्र उभीच होती. ती कोणाला कशी लागली, याची एक हकीकत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रांत येते. भाऊराव तेव्हा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि बोर्डिंग सोडले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही.

●

पंगतीवरून उठलेल्या या तरुणाने १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले, त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढली, त्याचेच नाव जात न मानणाऱ्या वसतिगृहाला दिले गेले, याचा मला विरोधाभास वाटत नाही. पहिली पायरी नसती तर दुसरी आली नसती. त्याच सुमारास, १९२५ साली, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. तिथे तर ज्यांना कोणीच वार देणार नव्हते, त्यांनी आपली चूल आपण मांडली.

साताऱ्याच्या वसतिगृहाला राजाश्रय नव्हता. लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकले, हे सर्वश्रुत आहे. पण दागिने एकदाच मोडता येतात. रोजच्या भाकरीसाठी जी योजना झाली, तिचे नाव मुष्टिफंड. बाईने दळायला बसताना पाटीतले एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे.

मूठभर धान्याने काय होते, असे वाटेल. मी घरी मोजून पाहिले. माझ्या मुठीत सुमारे पन्नास ग्रॅम ज्वारी मावते. एका घराची महिन्याला दीड किलो झाली. शंभर घरांचे गाव असेल, तर दीडशे किलो. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तरी एक गाव दहा मुलांना महिनाभर भाकरी पुरवू शकते. कोणत्याही घराची चूल त्यामुळे विझत नाही. वारामागचेच हे गणित होते: भार इतका वाटून घ्यायचा की तो कुणालाच जाणवू नये. फरक एवढाच, की मडक्यात ज्वारी टाकणाऱ्या बाईला ती कोणत्या जातीच्या पोराच्या पोटात जाणार हे निवडता येत नव्हते. वाराचे कुंपण त्या मडक्याने ओलांडले.

मुलांनी श्रम करून शिकावे, ही भाऊरावांची अट होती. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद झाले. मुले शेतात राबत, दगड फोडीत, इमारतीच्या कामावर जात. १९३७ नंतर संस्थेने खेडोपाडी पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा काढल्या. पुढे विद्यापीठांतून रुजलेली 'कमवा आणि शिका' ही योजना याच परंपरेतली.

या इतिहासातली एक कोरी जागा मात्र झाकून चालणार नाही. वाराचे पान वाढणारी बाई होती, मूठ काढणारीही बाईच होती. आणि ती दळत असताना तिची मुलगी बहुतेक वेळा जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असे. हिंगण्यातला महर्षी कर्व्यांचा आश्रम यांसारखी थोडी ठिकाणे सोडली, तर मुलींसाठी वसतिगृहे उशिरा आली आणि कमी आली. दुसऱ्याच्या मुलाला शिकवण्यासाठी जिने रोज मूठ काढली, तिच्या मुलीचा वार कुणी लावला नाही.

●

हे सारे आता इतिहासजमा झाले, असे वाटू नये. हा अंक तुमच्या हाती येईल, तोवर बीड जिल्ह्यातली आणि आसपासच्या तालुक्यांतली ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघालेली असतील. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर गेली की शाळा बुडते. त्यांना मागे ठेवायचे तर जेवायला कोण घालणार, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. आई-बाप थळावर आणि मूल गावात, आजीजवळ. सकाळ-संध्याकाळचे जेवण शासनाच्या अनुदानातून, व्यवस्था गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे. कोल्हापूरच्या भागीची ही आजची आवृत्ती आहे. अशा एका गावात मी चार दिवस राहिलो. अनुदान यायला उशीर झाला होता. किराणा दुकानदाराने उधारी थांबवली नव्हती, आणि दोन घरांतून पीठ येत होते. कुणाला त्यात विशेष काही वाटत नव्हते. संध्याकाळी पंगत बसली तेव्हा एक मुलगी आली नव्हती. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी ताट झाकून ठेवले आणि एका पोराला तिच्या आजीकडे पिटाळले.

त्या क्षणी मला आजोबांची सहा घरे आठवली. अनुदानाने धान्य येते. मूल आले नाही म्हणून माणूस धाडण्याचे काम अनुदान करीत नाही. ते गावाने करायचे असते. आणि गावाने ते सर्वांच्या मुलांसाठी करायचे, तर गावाची देखरेख आणि वरचा हक्काचा पैसा, दोन्ही लागतात. नुसत्या गावावर सोडले तर पंगतीचे कुंपण पुन्हा उभे राहते, हे आपण पाहिले आहे.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज कुठे असतो, मला ठाऊक नाही. भेटला तर एवढेच सांगेन, की तुझ्या पणजोबांना वार मिळाला नाही, तो मिळावा म्हणून ज्यांनी मडकी मांडली त्यांच्यामुळे तू त्या बाकावर बसून मला प्रश्न विचारू शकलास. आणि आजोबांची गोष्ट यापुढे मी गुरुवारपासून सांगायला सुरुवात करीन. कोऱ्या जागेपासून.