दोराला 'शीट' का म्हणतात?

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या छोट्या शिडाच्या होडीत बसण्याचा योग आला. त्याने माझ्या हातात एक दोर दिला आणि तो स्वतः सुकाणूपाशी बसला. अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आला, होडी कलू लागली आणि मित्र ओरडला, "शीट सोड!" शीट म्हणजे चादर, म्हणजे कापड, म्हणजे शीडच असणार! पण ते मी धरलेच नव्हते, मग सोडू काय? दोर घट्ट धरून मी शिडाकडे पाहत राहिलो. शेवटी मित्रानेच माझ्या हातून दोर हिसकावून ढिला केला. शिडातला वारा निसटला आणि होडी सरळ झाली. 'शीट' म्हणजे तो दोरच होता!

हा घोटाळा माझ्या अज्ञानाचा, हे खरेच. पण दोराला असे नाव का पडावे? जुन्या इंग्रजीत शिडाच्या खालच्या कोपऱ्यासाठी 'शेआटा' असा काहीसा शब्द होता. त्या कोपऱ्याला बांधलेला दोर तो 'कोपऱ्याचा दोर'. पुढे त्यातला 'दोर' गळला आणि 'कोपरा' तेवढा उरला. चादर या अर्थाचा शब्द त्याचा भाऊबंद, पण वेगळा. काळाच्या ओघात दोघांचे उच्चार एक झाले आणि आपल्यासारख्यांची पंचाईत झाली.

शीड वर चढवण्याच्या दोराला 'हॅलयार्ड' म्हणतात. त्याचा तीन फुटांच्या यार्डाशी काही संबंध नाही. मूळ शब्द 'हॅलियर' असा, म्हणजे ओढणारा. शीड ज्या आडव्या काठीला बांधतात तिचेही नाव 'यार्ड', म्हणून शब्दाचे शेपूट बदलले. डोलकाठीला पुढून-मागून ताणून धरणारा दोर तो 'स्टे'. त्याचाही थांबण्याशी संबंध नाही; दोन वेगळ्या कुळांतले शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत.

एवढी नावे हवीत तरी कशाला, असे वाटेल. पण मोठ्या शिडाच्या जहाजावर कितीतरी दोर असत. अंधारात, वादळात "तो दोर ओढ" असे म्हणून भागत नसे. प्रत्येक दोराला स्वतःचे नाव असणे हा जिवाचा प्रश्न होता. हिंदी महासागरातल्या जहाजांवर कोकण, गुजरात, बंगाल, अरबस्तान अशा अनेक ठिकाणचे खलाशी एकत्र असत. त्यांची स्वतःची मिश्र 'लष्करी' बोली होती. पुढच्या डोलकाठीला ते 'त्रिकत' म्हणत. तो पोर्तुगीज 'त्राकेत'चा अवतार. इंग्रज अधिकाऱ्यांना या बोलीत हुकूम देता यावेत म्हणून टॉमस रोबक यांनी इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन कोश तयार केला. तो 1811 साली कलकत्त्यात छापला गेला.

नावांचा गोंधळ सर्वांत घातक ठरतो तो दिशांच्या बाबतीत. पूर्वी उत्तर युरोपातल्या जहाजांचे सुकाणू म्हणजे उजव्या बाजूला बांधलेले एक मोठे वल्हे असे. म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या बाजूने धक्क्याला लावत व माल तिकडूनच चढवत. ती 'लारबोर्ड', म्हणजे माल भरण्याची बाजू. पुढे सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला मधोमध आले. नावे मात्र राहिली. स्टारबोर्ड आणि लारबोर्ड! वादळात ओरडून पाहा, म्हणजे धोका कळेल. अखेर 1844 साली ब्रिटिश आरमाराने 'लारबोर्ड' रद्द करून 'पोर्ट' शब्द सक्तीचा केला. 1846 साली अमेरिकी आरमाराने तेच केले.

पण दुसरा घोटाळा तसाच राहिला. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळते. जुने हुकूम दांड्याची दिशा सांगत. "स्टारबोर्ड" म्हणजे दांडा उजवीकडे, अर्थात जहाज डावीकडे! पुढे दांड्याच्या जागी चाक आले. जहाज डावीकडे न्यायचे तर चाकही डावीकडेच फिरवायचे. हुकूम मात्र जुनाच. 14 एप्रिल 1912 च्या रात्री 'टायटॅनिक'वर हिमनग दिसताच "हार्ड-अ-स्टारबोर्ड" असा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळू लागले. आज वाचणाऱ्याला ही चूक वाटते. ती चूक नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे हुकूम बरोबर पाळला गेला होता. जहाज बुडाले त्याची कारणे वेगळी आहेत. पण उजवे म्हणून डावे करायचे ही रीत फार काळ टिकणे शक्य नव्हते. 1929 सालच्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती सोडण्याचे ठरले आणि ब्रिटिश जहाजांवर 1933 पासून "स्टारबोर्ड" म्हणजे उजवीकडेच वळणे, असा नियम झाला.

हे सारे वाचताना विज्ञानाच्या शिक्षकांना आपला वर्ग आठवेल. विद्युतधारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असे आपण शिकवतो आणि लगेच सांगतो, की तारेतले इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात. विद्यार्थी गोंधळतात. त्यांचे काय चुकले? फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला धन-ऋण ही नावे दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता. तो 1897 साली सापडला, तोवर नावे रुळली होती. समुद्रावर दिशेची चूक माणसांच्या जिवाशी येत होती, म्हणून रीत बदलली. विद्युतधारेची गणिते दोन्ही रीतींनी बरोबर येतात, म्हणून जुनी रीत चालून गेली.

तेव्हा एखाद्या संज्ञेपाशी मुले अडखळली, तर "हे असेच असते, पाठ करा" असे न म्हणता ते नाव पडले तेव्हा काय माहीत होते, हे सांगून पाहावे. त्या होडीत बसण्यापूर्वी मला कुणी कोपऱ्याच्या दोराची गोष्ट सांगितली असती, तर मी तो वेळीच सोडला असता.